आठवणच गेली तर आत्म्याचं काय? एका राजकन्येचा प्रश्न



आज एका राजकन्येबद्दल लिहायला बसले आहे. ती आपल्या देशातली नाही, आपल्या धर्माची नाही, आणि तिला जाऊन साडेतीनशे वर्षं होत आली. तरी गेले काही महिने ती आमच्या स्वयंपाकघरात माझ्याबरोबर वावरते आहे असं म्हटलं तरी चालेल. त्याला कारण आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई.

आईंनी ऐंशी ओलांडली. पंचविशीत असताना त्यांनी रात्रीभोजनत्यागाचं व्रत घेतलं ते आजतागायत. लग्नकार्य असो, प्रवास असो, आजारपण असो, सूर्यास्तानंतर तोंडात घास नाही. मी या घरात आले तेव्हा घड्याळापेक्षा आईंच्या ताटावरून संध्याकाळ कळायची. दोन वर्षांपूर्वी त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग दुधाचा हिशेब, मग नातवंडांची नावं. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. आता त्या सव्वासहाला पोटभर जेवून उठतात आणि रात्री नऊ वाजता मला विचारतात, "आज मला कुणी जेवायला का वाढलं नाही?"

मी समजावते. त्यांना पटत नाही. मग त्या रडतात. ज्या बाईनं उभ्या जन्मात कुणापुढे ताट मागितलं नाही, ती बाई पदर डोळ्यांना लावून भूक लागली म्हणून रडते, हे बघणं फार अवघड आहे. एका रात्री मला राहवलं नाही. वाटीभर तांदळाची पेज गरम करून मी त्यांना भरवली. त्या शांत झोपल्या. मी मात्र रात्रभर जागी. पन्नास-पंचावन्न वर्षांचं व्रत माझ्या हातानं मोडलं होतं. पण मोडलं म्हणजे नक्की कुणाचं मोडलं? ज्यांनी घेतलं होतं त्यांना ते आठवतच नाही. मग ते व्रत घेणारी 'ती' आता कुठे आहे?

त्याच आठवड्यात लेक सुट्टीला आली. ती बी.ए.ला तत्त्वज्ञान घेऊन शिकते. तिच्या पुस्तकात रने देकार्त नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञावर एक लांबलचक प्रकरण होतं, आणि त्यात एका ओळीत एलिझाबेथ नावाच्या राजकन्येचा उल्लेख. लेक म्हणाली, "आई, तू जे विचारतेस ना, ते हिनं त्याला विचारलं होतं." मी म्हटलं, एका ओळीत कसं भागेल? मग तिनं दोघांच्या पत्रांचं इंग्रजी भाषांतर आणून दिलं. रोज दुपारी चार पानं, असं करत ते मी वाचून काढलं. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

राज्य नसलेली राजकन्या

एलिझाबेथचा जन्म २६ डिसेंबर १६१८चा, जर्मनीतल्या हाइडेलबर्ग गावचा. वडील फ्रेडरिक पाचवे हे पॅलेटिनेट प्रांताचे शासक. आई इंग्लंडच्या राजाची, पहिल्या जेम्सची मुलगी. १६१९मध्ये वडिलांना बोहेमियाच्या, म्हणजे आजच्या चेकियातल्या सरदारांनी आपलं राजेपद देऊ केलं आणि त्यांनी ते घेतलं. वर्षभरातच, नोव्हेंबर १६२०मध्ये, प्रागजवळच्या लढाईत ते हरले. एकच हिवाळा राज्य केलं म्हणून लोक त्यांना हिणवून 'हिवाळी राजा' म्हणू लागले. बोहेमिया गेलं, मागोमाग वडिलोपार्जित प्रांतही गेला. हे कुटुंब हॉलंडमध्ये हेग शहरात आश्रयाला राहिलं. एलिझाबेथ आधी काही वर्षं आजीजवळ वाढली आणि मग तिथे आली.

तेरा भावंडांतली ही थोरली मुलगी. राजघराणं म्हणायचं, पण पदरी राज्य नाही, पैशाची ओढाताण कायमची. वडील १६३२मध्ये वारले तेव्हा ती चौदाचीही नव्हती. तिला लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, इंग्रजी, जर्मन येत होतं. गणिताची आवड होती. ग्रीक भाषेच्या वेडामुळे भावंडं तिला 'ग्रीक बाई' म्हणून चिडवत. पोलंडच्या राजाचं स्थळ आलं होतं. पण तो कॅथलिक, ही प्रोटेस्टंट. लग्नासाठी पंथ सोडायला ती तयार झाली नाही. पुढे तिनं लग्न केलंच नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं, की हा प्रश्न मोकळा वेळ घालवायला विचारलेला नव्हता. आपलं म्हणावं असं एकेक करून सगळं हातातून निसटताना तिनं पाहिलं होतं. मग माणसाजवळ खरोखर स्वतःचं काय उरतं, हे तिला कळून घ्यायचं होतं.

देकार्तचं म्हणणं काय होतं

देकार्तचा जन्म १५९६चा. तो फ्रान्सचा, पण आयुष्याची उमेदीची वर्षं त्यानं हॉलंडमध्ये काढली. १६४१मध्ये त्याचा 'चिंतने' हा ग्रंथ लॅटिनमध्ये निघाला. त्यातला विचार थोडक्यात असा. ज्याच्यावर शंका घेता येते ते सगळं बाजूला ठेवायचं. डोळ्यांना दिसतं ते खोटं असेल, हे शरीर स्वप्नातलं असेल. पण शंका घेणारा कुणीतरी आहे, यावर शंका घेता येत नाही. म्हणजे विचार करणारा 'मी' आहे, एवढं पक्कं. त्यावरून त्यानं दोन वेगळी द्रव्यं मानली. एक मन किंवा आत्मा. तो विचार करतो, पण जागा व्यापत नाही. त्याला लांबी-रुंदी नाही. दुसरं जड द्रव्य, म्हणजे शरीर. ते जागा व्यापतं, पण विचार करत नाही.

वाचताना आपल्याला वाटतं, हे तर आपल्या घरचंच आहे, जीव आणि अजीव. मलाही तसंच वाटलं होतं. पण एलिझाबेथनं जिथे बोट ठेवलं तिथे आल्यावर फरक कळतो.

मे १६४३चं पत्र

देकार्त एकदा हेगला तिला भेटायला आला होता, पण भेट झाली नाही. तिला त्याची चुटपुट लागून राहिली. मग उट्रेख्टच्या विद्यापीठातले प्राध्यापक रेगियस यांनी सुचवलं, की शंका थेट देकार्तलाच विचारा. तेव्हा चोवीस वर्षांच्या एलिझाबेथनं मे १६४३मध्ये त्याला पहिलं पत्र लिहिलं.

तिचा प्रश्न अगदी साधा होता. आत्म्यानं ठरवलं की हात उचलायचा, तर हात उचलला जातो. पण एक वस्तू दुसरीला हलवते ती ढकलून. ढकलायचं तर स्पर्श हवा, स्पर्शाला पृष्ठभाग हवा, आणि पृष्ठभाग म्हणजे जागा व्यापणं आलं. तुम्ही तर म्हणता, आत्म्याला हे काहीच नाही. मग तो शरीराला हलवतो कसा?

आपल्या भाषेत सांगायचं तर ओट्यावरचं पातेलं सरकवायला हात तरी लागतो, नाहीतर पळी तरी. नुसत्या इच्छेनं पातेलं सरकत नाही. मग नुसत्या इच्छेनं हात कसा सरकतो?

पत्राच्या शेवटी तिनं त्याला आपल्या विचारांचा वैद्य म्हटलं आणि वैद्यांच्या शपथेची आठवण करून दिली, की माझे हे दोष चारचौघांत सांगू नका. घरच्या गोष्टी चव्हाट्यावर येण्याची धास्ती तिलाही होती.

देकार्तनं उत्तर लगेच दिलं, आणि मोकळ्या मनानं कबूल केलं की माझे ग्रंथ वाचल्यावर मला विचारावा असा खरा प्रश्न हाच आहे. मग त्यानं वजनाचं उदाहरण दिलं. दगडाचं वजन दगडाला खाली नेतं, पण ते काही दगडाला बाहेरून हात लावून ढकलत नाही. आत्माही शरीराला असाच हलवतो असं समजा.

एलिझाबेथला हे पटलं नाही. जूनमधल्या पत्रात ती आधी आपल्या मंदपणाबद्दल माफी मागते. घराण्याची कामं टाळता येत नाहीत, येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलणं चुकवता येत नाही, आणि त्या कंटाळ्यानं डोकं असं शिणतं की पुढे बराच वेळ ते दुसऱ्या कशाच्या उपयोगाचं राहत नाही, असं ती लिहिते. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ तशीच बसले. पोथी उघडावी आणि दारावरची बेल वाजावी, हे आपल्यालाच होतं असं नाही तर!

पण माफी मागून झाल्यावर ती अजिबात ढिली पडत नाही. वजनाची ती कल्पना चुकीची आहे असं तुम्हीच मांडलं आहे, मग चुकीच्या कल्पनेवरून खरी गोष्ट कशी समजायची, असा तिचा सवाल. जागा न व्यापणारी वस्तू शरीराला हलवते हे मानण्यापेक्षा आत्म्यालाच काही विस्तार आहे असं मानणं मला सोपं जातं, असंही ती म्हणते. आणि मग येतं ते, ज्यासाठी मी हा लेख लिहिते आहे.

त्या काळच्या वैद्यकात अशी समजूत होती की शरीरातून बाष्प वर चढतं आणि डोकं झाकोळून टाकतं. एलिझाबेथ विचारते, की ज्या आत्म्याला नीट विचार करण्याची शक्ती होती, नुसती शक्ती नाही तर वर्षानुवर्षांची सवय होती, तो थोड्याशा बाष्पानं हे सगळं कसं गमावून बसतो? शरीराशी त्याचं काही साम्य नाही, शरीराशिवाय तो राहू शकतो, असं तुम्ही सांगता. मग शरीराची त्याच्यावर एवढी सत्ता कशी चालते?

मैत्रिणींनो, पन्नास वर्षांची सवय. माझ्या डोळ्यांपुढे आईच आल्या.

अर्धवट राहिलेलं उत्तर

२८ जून १६४३ला देकार्तनं लिहिलं, की आत्मा आणि शरीर वेगळे आहेत हे शुद्ध बुद्धीनं कळतं, पण ते एकत्र आहेत हे रोजच्या जगण्यातून, बोलण्याचालण्यातूनच कळतं. तिथे फार विचार करून चालत नाही. अशा शुद्ध चिंतनाला मी स्वतः वर्षातले फार थोडे तास देतो, असंही तो सांगतो. एवढा मोठा तत्त्वज्ञ, आणि वर्षातले थोडे तास! आपला रोजचा अर्धा तास स्वाध्याय काही कमी नाही म्हणायचा.

एलिझाबेथनं १ जुलैला शांतपणे उत्तर दिलं. आत्मा शरीराला हलवतो हे मला अनुभवातून दिसतं, पण कसा हलवतो ते अनुभव सांगत नाही. कदाचित आत्म्याचे काही गुण अजून आपल्याला माहीतच नसतील.

यावर देकार्तचं उत्तर मिळत नाही. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात त्यानं तिला तीन वर्तुळांचं एक अवघड भूमितीचं कोडं घातलं, आणि तिनं ते सोडवलं. १६४४मध्ये आपला पुढचा मोठा ग्रंथ, 'तत्त्वज्ञानाची मूलतत्त्वे', त्यानं तिला अर्पण केला. मान दिला, मैत्री दिली. प्रश्न मात्र तसाच राहिला.

१६४५मध्ये एलिझाबेथ बरेच दिवस आजारी होती. बारीक ताप, कोरडा खोकला. देकार्तनं ओळखलं की दुखणं मनाच्या त्रासातून आहे. मन शांत ठेवावं म्हणून दोघांनी सेनेका या रोमन विचारवंताचं सुखावरचं पुस्तक वाचायला घेतलं. देकार्तचं म्हणणं, खरं सुख बाहेरच्या गोष्टींवर नसतं, ते आपल्या विवेकावर आणि निश्चयावर असतं. आपणही मुलांना हेच शिकवतो, नाही का?

एलिझाबेथनं १६ ऑगस्टला लिहिलं, की काही आजार असे असतात जे विचार करण्याची शक्तीच काढून घेतात. मग विवेकातून मिळणारं सुख त्या माणसाला कुठून मिळणार? आणि या वेळी देकार्तनं माघार घेतली. १ सप्टेंबरच्या पत्रात तो म्हणतो, तुमचं खरं आहे. मी जे म्हटलं ते ज्यांची बुद्धी मोकळी आहे त्यांच्याबद्दलच म्हणता येईल.

हे एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. निश्चय पाळायची जबाबदारी त्याच्यावर, ज्याला निश्चय करता येतो.

मनोविकारांची नीट व्याख्या करून द्या, असं याच सप्टेंबरात तिनं त्याला सांगितलं. त्यातून त्याचं शेवटचं पुस्तक, 'आत्म्याचे भावावेग', तयार झालं. ते १६४९मध्ये छापून आलं. त्यात त्यानं मेंदूच्या मधोमध असलेल्या एका लहानशा ग्रंथीत आत्मा आपलं काम करतो असं सांगितलं. पण बघा, हा फक्त पत्ता झाला. त्या पत्त्यावर आत्मा दार उघडतो कसा, हा तिचा प्रश्न होता.

आपल्याकडे हाच प्रश्न

आपल्या आचार्यांनी आत्म्याला जागा न व्यापणारा मानलेलं नाही. जीवाला प्रदेश आहेत, आणि तो मिळेल त्या देहाएवढा होतो. दिव्याचा उजेड खोलीत खोलीएवढा आणि मडक्यात मडक्याएवढा, हा दाखला तुम्ही पाठशाळेत ऐकला असेल. तत्त्वार्थसूत्रातच तो आहे. एलिझाबेथला आपले ग्रंथ ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी आत्म्याला विस्तार मानणं सोपं जाईल असं ती स्वतःच्या बुद्धीनं म्हणाली, याचं मला फार कौतुक वाटलं.

पण म्हणून आपल्याकडे प्रश्न मिटला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आत्मा अमूर्त, त्याला रंग नाही, स्पर्श नाही. कर्म मात्र पुद्गल, म्हणजे मूर्त. मग मूर्त कर्म अमूर्त आत्म्याला चिकटतं कसं? हे आपल्या टीकाकारांनीही विचारलं आहे. त्यांचं उत्तर असं की हा बंध कधी सुरू झाला असं नाहीच. खाणीतल्या सोन्यात माती जशी मुळापासूनच असते, तसा तो अनादी आहे. बांधलेल्या अवस्थेत आत्म्याला व्यवहारानं मूर्तही म्हणता येतं. आणि मूर्ताचा अमूर्तावर परिणाम होतो हे दाखवायला त्यांनी दिलेला दाखला कोणता? दारूचा. दारू प्यायल्यावर माणसाची शुद्ध जाते, आठवण जाते, हे सगळ्यांना दिसतं.

हॉलंडातल्या राजकन्येचं बाष्प आणि आपल्या टीकाकारांची दारू. शेकडो वर्षांचं अंतर, ओळखदेख नाही, आणि दोघांनी बोट ठेवलं ते एकाच जागी, आठवण जाण्यावर. मला वाटतं, ज्यानं ज्यानं घरात असं माणूस पाहिलं असेल त्याला हा प्रश्न पडलाच असणार.

फरक आहे तो उत्तराच्या दिशेत. देकार्तच्या मते विचार करणं हेच आत्म्याचं सगळं सार. मग विचार विस्कटला तर आत्मा कुठे, याची पंचाईत होते. आपल्याकडे ज्ञान हा आत्म्याचा स्वभाव, पण तो झाकला जातो. ज्ञानावरणीय कर्म म्हणतात ते हेच. ढगाआड सूर्य गेला तर आपण सूर्य विझला म्हणत नाही. आईंची ओळख हरवली असं मला वाटायचं. ती झाकली आहे असं म्हटल्यावर परिस्थिती बदलली नाही, पण त्यांच्याशी बोलताना माझा आवाज बदलला.

जिथे मी देकार्तशी भांडते

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. देकार्तच्या मते विचार करणारा आत्मा फक्त माणसात. जनावरं म्हणजे घड्याळासारखी यंत्रं. इंग्लंडच्या हेन्री मोर या विचारवंताला हे फार क्रूर वाटलं, आणि त्यानं १६४८मध्ये देकार्तला तसं कळवलं. फेब्रुवारी १६४९मध्ये उत्तर देताना देकार्त म्हणाला, की माझं मत जनावरांशी क्रूर असण्यापेक्षा माणसांना सवलत देणारं आहे, कारण त्यामुळे प्राणी मारण्या-खाण्यात गुन्हा केल्याची शंका उरत नाही.

पाणी गाळून घेताना गाळण्यातला जीव पुन्हा पाण्यात सोडणाऱ्या घरात मी वाढले. हे वाचून मला चीड आली. पण चीड शमल्यावर त्यातला धोका नीट कळला. आत्मा म्हणजे फक्त चोख विचार, असं एकदा धरलं की ज्याला चोख विचार करता येत नाही तो यंत्र ठरू लागतो. आज गाय, उद्या कोण? रात्री नऊ वाजता तोच प्रश्न आठव्यांदा विचारणाऱ्या म्हातारीला यंत्र समजायला कितीसा वेळ लागतो? थकलेल्या माणसाला तर फारच थोडा. मी ते स्वतःवरून सांगते. सुख-दुःख जाणवतं तिथे जीव आहे, हे आपल्या आचार्यांनी लहानात लहान किड्यापर्यंत नेलं. ते आपल्याला घरातल्या माणसांसाठीही लागतं.

तिची पत्रं कुठे गेली

१६४६मध्ये तिच्या एका भावानं हेगमध्ये एका फ्रेंच माणसाचा खून केला. घरात मोठं वादळ झालं आणि एलिझाबेथला जर्मनीत नातेवाइकांकडे धाडण्यात आलं. त्यानंतर देकार्तची आणि तिची भेट झाली नाही. जानेवारी १६४९मध्ये इंग्लंडात तिच्या मामाचा, राजा पहिल्या चार्ल्सचा, शिरच्छेद झाला. त्याच वर्षी देकार्त स्वीडनच्या राणीच्या बोलावण्यावरून स्टॉकहोमला गेला. तिथल्या कडाक्याच्या थंडीत तो आजारी पडला आणि ११ फेब्रुवारी १६५०ला वारला.

त्याच्या सामानात एलिझाबेथची पत्रं होती. ती छापायची परवानगी तिथल्या फ्रेंच राजदूतानं तिच्याकडे मागितली. तिनं नाही म्हटलं आणि पत्रं परत घेतली. देकार्तची तिला लिहिलेली पत्रं मात्र पुढे १६५७पासून छापली गेली. आपण फोनवर एका बाजूचं बोलणं ऐकतो, तसं जगानं दोनशेहून जास्त वर्षं नुसती उत्तरं वाचली. तिच्या पत्रांच्या नकला हॉलंडमध्ये आर्नेमजवळच्या एका गढीत सापडल्या आणि १८७९मध्ये छापून आल्या. तेव्हा कळलं, की त्या उत्तरांमागे प्रश्न कुणाचे होते आणि किती नेमके होते.

तिचं स्वतःचं आयुष्य देकार्तबरोबर संपलं नाही. १६६७मध्ये ती जर्मनीत हेरफोर्ड इथल्या प्रोटेस्टंट मठाची प्रमुख झाली. त्या पदाबरोबर आसपासच्या मुलखाचा कारभारही येई. म्हणजे राज्य नसलेल्या राजकन्येला पन्नाशीच्या उंबरठ्यावर छोटंसं राज्य मिळालं. तिथे तिनं इतर ठिकाणाहून हाकललेल्या पंथांच्या लोकांना थारा दिला. त्यात अॅना मारिया फान शुरमान ही विदुषीही होती. क्वेकर पंथाचा विल्यम पेन १६७७मध्ये तिला भेटून गेला. अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया वसवणारा तो हाच. स्वतः बेघर झालेल्या बाईनं दार उघडं ठेवलं, हे मला तिच्या तत्त्वज्ञानाइतकंच मोठं वाटतं. फेब्रुवारी १६८०मध्ये ती तिथेच वारली.

पुन्हा आमचं स्वयंपाकघर

आता तुम्ही विचाराल, मग पेजेचं काय ठरलं?

आमच्या वन्सं या बाबतीत माझ्यावर नाराज आहेत. फोनवर म्हणाल्या, "वहिनी, आईनं जन्मभर पाळलं. शेवटाला तुम्ही मोडू नका." त्यांचं दुःख मला कळतं. त्यांची आई त्यांच्या डोळ्यांपुढे अजून तीच आहे, संध्याकाळी पाट मांडून बसणारी. मी त्यांना देकार्तच्या त्या कबुलीबद्दल सांगितलं. म्हटलं, निश्चय ज्याला आठवतो त्याचं व्रत मोडतं. आई मागतात ते जाणून मागत नाहीत. वन्सं म्हणाल्या, "तुमच्या पुस्तकातलं मला नका सांगू." तेही बरोबरच होतं.

चातुर्मासात आलेल्या माताजींना मी विचारलं. त्यांनी हो किंवा नाही म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या, "तू तुझा नियम सांभाळ. त्यांना शांत ठेव, तीही सेवाच आहे." हा शास्त्राचा निर्णय म्हणून मी सांगत नाही. ज्यांच्या घरी अशी वेळ असेल त्यांनी आपापल्या गुरूंना विचारावं.

आम्ही एवढं केलं आहे. आईंचं संध्याकाळचं जेवण दोनदा करतो, पाचला थोडं आणि सूर्यास्ताआधी पुन्हा थोडं. दुसऱ्या वेळी मुगाची खिचडी, म्हणजे पोट भरलेलं राहतं. आणि आता रोज रात्री पावणेनऊला वन्संचा फोन येतो. नाराजी आहे, पण फोन चुकत नाही. फोनवर त्या आईंबरोबर णमोकार मंत्र म्हणतात, मग एखादं जुनं भजन. बहुतेक रात्री तेवढ्यात आईंना झोप लागते. ज्या रात्री लागत नाही आणि त्या रडायला लागतात, त्या रात्री मी पेज देते. दिवसाउजेडी करून ठेवलेली असते. वन्संपासून मी ते लपवत नाही.

परवा रात्री फोनवर मंत्र चालू होता. आईंना शब्द आठवत नव्हते, ओठ नुसते हलत होते. पण उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून बरोबर सरकत होता. एक पेर, दुसरं, तिसरं. नऊ झाले की पुन्हा पहिल्यावर. कुठेही चूक नाही. मी बघत राहिले. हे आठवतंय ते आत्म्याला की अंगठ्याला? एलिझाबेथ असती तर तिनं पुन्हा एक पत्र लिहिलं असतं.

मला उत्तर येत नाही. मी त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं आणि दिवा मालवला. अंधारातही अंगठा बराच वेळ फिरत होता.

जय जिनेंद्र.